‘जेवलीस का?’ आणि कुणाबरोबर?

जून लागला की वांकिडीत दोन गोष्टींची एकदमच घाई होते. शेतात कपाशीची लागवड आणि घरात पोरांची ॲडमिशन. दिवसभर शेतात राबलेला एखादा बाप संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका काढतो आणि म्हणतो, “सर, हे पाहा बरं जरा. चांगली आहे का ही युनिव्हर्सिटी?”

पुस्तिकेत हिरवळ असते, काचेची इमारत असते, पोहण्याचा तलाव असतो आणि हसणारी मुले-मुली असतात. बापाचे प्रश्न ठरलेले. फी किती, नोकरी लागते का, होस्टेल आत आहे की बाहेर, पोरगी असेल तर गेट किती वाजता बंद होते. शेवटी आतून आईचा निरोप येतो, “जेवण कसं आहे, तेही विचारा.”

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एक प्रश्न मात्र मला कोणी विचारला नाही. आमचे पोर तिथे जेवायला कुणाबरोबर बसेल? मलाही तो उशिराच सुचला. तो कसा सुचला, तेच आज सांगायचे आहे.

तुमचे कानडी, आमचे तेलुगू

आधी आमच्या गावाची ओळख करून देतो. वांकिडी हे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले मंडलाचे गाव. आसिफाबादहून राजुऱ्याकडे, चंद्रपूरकडे निघालात की तेलंगणाच्या टोकाशी ते लागते. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्ये झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. त्याच वाटणीत बिदर आणि गुलबर्गा कर्नाटकात गेले. म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळांचे आजोबा आणि आमचे आजोबा एकाच हैदराबाद राज्यातले.

आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आणि आठवडी बाजारात गोंडी व कोलामीही कानावर पडते. तुमच्या घरात तेलुगूच्या जागी कानडी. बाकी सुखदुःख सारखेच. पोराचा फोन आला की तुमच्याकडची आई विचारते, ‘ऊट आयता?’ आमचा तेलुगू शेजारी विचारतो, ‘अन्नं तिन्नावा?’ आणि मराठी आई विचारते, ‘जेवलीस का?’ तिन्ही भाषांत मायेचा पहिला प्रश्न जेवणाचाच. पोरही तिन्ही भाषांत एकच उत्तर देते. “हो.”

त्या ‘हो’च्या मागे काय असते, ते दूर बसलेल्या आईला कळत नाही.

ताट घेऊन उभी

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातली एक विद्यार्थिनी हैदराबादकडच्या एका खाजगी विद्यापीठात गेली. मुलगी हुशार. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे तेलुगू आणि इंग्रजी. बापाची थोडी कोरडवाहू शेती. कर्ज काढावे की नाही या विचारात तो महिनाभर होता. “पाठवा, पोरगी नाव काढेल,” असे सांगणारा मीच. फीचा तक्ता मी वाचला होता, कोणत्या कंपन्या येतात तेही पाहिले होते. एवढ्यावर मी निर्धास्त होतो.

दुसऱ्या महिन्यात बाप पुन्हा ओट्यावर आला. या वेळी हातात पिशवी नव्हती. “सर, पोरगी वापस येतो म्हणते. काय झालं ते सांगत नाही. नुसती रडते.”

शेतीच्या कामामुळे निघायला दोन आठवडे गेले. कागजनगरहून आम्ही दोघे भाग्यनगर एक्स्प्रेसने निघालो. विद्यापीठाच्या गेटवर नाव, गाव, फोन लिहून झाले. ‘नाते’ या रकान्यात बापाने ‘वडील’ लिहिले. मी काय लिहावे या विचारात थांबलो आणि ‘सर’ असे लिहिले. पाहुण्यांच्या खोलीत ती आली. कोणी त्रास दिला का, म्हणून विचारले. नाही म्हणाली. शिकवणे कळत नाही का? कळते म्हणाली. मग?

बऱ्याच वेळाने बोलली. “सर, मेसमध्ये मी ताट घेऊन उभी राहते. कुठे बसायचं तेच कळत नाही.”

प्रत्येक टेबल आधीच ठरलेले. एका शाळेतून आलेल्यांचे एक, एका शहरातल्यांचे एक, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांचे एक, बाहेरून पिझ्झा मागवणाऱ्यांचे तर टेबलच नाही, ते खोलीतच जेवतात. कोणी तिला ‘ऊठ’ म्हटले नव्हते. कोणी ‘बस’ही म्हटले नव्हते. मग ती मेस उघडताच पहिल्यांदा जाऊन पाच मिनिटांत जेवून यायची, नाहीतर बिस्किटावर रात्र काढायची. आई रोज फोनवर विचारायची आणि ती रोज ‘हो’ म्हणायची.

खिडकीतून दिलेला डबा

परतीच्या गाडीत मला एक जुनी गोष्ट आठवली. ती तुमच्याच मुलखातल्या माणसाची आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार यांचा जन्म १९३५ सालचा, गडहिंग्लजचा. पलीकडे संकेश्वर, म्हणजे मराठी आणि कानडी एकाच बाजारात ऐकू येणारा मुलूख. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टरही. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देते, असे त्यांच्या नजरेस आले. रेक्टरच्या मनात जी शंका यायची ती आलीच. चौकशी केली तेव्हा कळले की आतला मुलगा मॉरिशसचा, काविळीने अंथरुणाला खिळलेला. मुलगीही मॉरिशसची. मुलांच्या वसतिगृहात तिला प्रवेश नाही, म्हणून आजाऱ्याचे जेवण ती खिडकीतून देत होती.

परदेशातून शिकायला आलेली ही मुले आपल्यात राहतात, पण आपली कोणी नसतात, ही गोष्ट मुजुमदारांना लागली. त्यातून त्यांनी १९७१ साली परदेशी आणि भारतीय विद्यार्थ्यांनी एकत्र यावे म्हणून पुण्यात सिंबायोसिस ही संस्था सुरू केली. कॉलेजे नंतर आली. २००२ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज नागपूरला आणि हैदराबादजवळही तिची संकुले आहेत, म्हणजे आमच्या वांकिडीच्या दोन्ही बाजूंना. एवढे मोठे खाजगी विद्यापीठ उभे राहिले त्याच्या मुळाशी नफा-तोट्याचा हिशेब नव्हता, नोकऱ्यांचा तक्ता नव्हता. एक पोर आजारी आहे आणि त्याच्या जेवणाची आठवण एकाच मुलीला आहे, एवढीच गोष्ट होती.

नावही वनस्पतिशास्त्रातलेच. दोन निराळ्या जिवांनी एकमेकांच्या आधाराने जगणे म्हणजे सिंबायोसिस, आपल्या भाषेत सहजीवन. त्याचा नमुना पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. घरातला मसाल्याचा डबा उघडा. काळ्या मसाल्यात घालतो ते दगडफूल. त्यात बुरशी आणि शैवाल असे दोन जीव एकत्र असतात. बुरशी आसरा देते, ओल धरून ठेवते. शैवाल उन्हातून अन्न तयार करते. कानडीत त्याला कल्लुहूवु म्हणतात, म्हणजे दगडफूलच. दोघे एकत्र राहतात म्हणून उघड्या दगडावरही जगतात. पण बुरशी बुरशीच राहते आणि शैवाल शैवालच. एकत्र राहायचे तर आपलेपण टाकावे लागते, असे दगडफूल तरी सांगत नाही.

पंगतीचा जुना धडा

हा विचार आपल्याकडे नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघाली. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली, ती त्यांच्यामुळे. पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीला बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्या बोर्डिंगात पोहण्याचा तलाव नव्हता. पण कोण कुणाच्या शेजारी बसणार, हा प्रश्न संस्थेने स्वतःचा मानला होता. तो पोरांवर सोडून दिला नव्हता.

आजच्या विद्यापीठांत नेमके तेच सोडून दिले जाते. मणिपालला १९९३ साली अभिमत दर्जा मिळाला, पुण्याच्या भारती विद्यापीठाला १९९६ साली, कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील संस्थेला २००५ साली, बेळगावच्या केएलईला २००६ साली. तेलंगणात खाजगी विद्यापीठांचा कायदा २०१८ साली झाला आणि २०२० साली पहिल्या पाच विद्यापीठांना परवानगी मिळाली. सीमाभागातल्या पोरांसाठी एवढी दारे उघडली, ही चांगलीच गोष्ट आहे. मी त्याविरुद्ध नाही.

पण कॉलेज आणि असे विद्यापीठ यांतला फरक समजून घ्यायला हवा. आमच्या कॉलेजातले पोर पाचच्या बसने घरी जाते. दिवसभरात अपमान झाला तरी संध्याकाळी आईच्या हातची भाकर असते. विद्यापीठात वर्ग, मैदान, मेस, खोली सगळे एकाच कुंपणात. तिथे मित्र नसेल तर चोवीस तास नसतो. वर्ग चार वाजता सुटतो, एकटेपणा सुटत नाही.

फेस्ट म्हणजे संस्कृती?

पुस्तिकेत ‘विद्यार्थी जीवन’ म्हणून फेस्टची छायाचित्रे असतात. रंगीत दिवे, डीजे, प्रायोजकांचे फलक. पोरांनी नाचू नये असे माझे म्हणणे नाही. या वयात नाचायचे नाही तर कधी? पण तीन रात्रींच्या गर्दीतही माणूस एकटा असू शकतो. पैसे देऊन बाहेरून आणलेला कार्यक्रम पोरे पाहतात, करत नाहीत.

याउलट पुण्याची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा पाहा. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ती घेते. नाटक बसवणारी पोरे कॉलेज सुटल्यावर आठवडेच्या आठवडे तालमी करतात. तालमीत कोणी पडदा शिवतो, कोणी चहा आणतो, कोणी दुसऱ्याचे संवाद पाठ करून ठेवतो. रात्री एकच वडापाव तिघांत खाल्ला जातो. बक्षीस एकालाच मिळते, पण मित्र सगळ्यांनाच. विद्यार्थ्यांची संस्कृती म्हणतात ती हीच, एकत्र काम करून दमणे आणि मग एकत्र जेवणे. विद्यापीठ पाहायला गेलात तर फेस्टचा खर्च विचारू नका. तालमीला खोली मिळते का, आणि नवख्या पोराला त्यात घेतात का, ते विचारा.

रॅगिंगची भीती आई-बापांना असते, ती रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली त्याविरुद्ध कडक नियम केले. विद्यार्थी आणि पालक दोघांकडून हमीपत्र घेतले जाते. १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो लिहून ठेवा. आपण हमीपत्रावर सही करतो, वाचत नाही, तेही वाचा. पण आमच्या मुलीला कोणी छळले नव्हते. तिच्याकडे फक्त कोणी पाहिले नव्हते. त्याची तक्रार कोणत्या क्रमांकावर करणार?

पलीकडच्या खोलीतले मराठी

त्या दिवशी पाहुण्यांच्या खोलीत ती पुढे जे बोलली, त्याने मी चकित झालो. “पण सर, चार दिवस झाले, आता एक मैत्रीण आहे.”

ती मैत्रीण भालकीकडची. घरात कानडी, आजी मराठी बोलणारी. दोघी एकाच व्हरांड्यात दोन महिने राहत होत्या. समोरासमोर आल्या की तुटक्या इंग्रजीत ‘हाय’ म्हणायच्या आणि आपापल्या खोलीत जायच्या. एका रात्री आमची मुलगी व्हरांड्यात उभी राहून आईशी बोलत होती. “हो गं, जेवले.” फोन ठेवला तेव्हा ही मागे उभी होती. म्हणाली, “तू मराठी? आणि खोटं कशाला बोलतेस? तू जेवायला आलीच नव्हतीस.”

दोन महिने दोघींनी आपली भाषा लपवली होती. गावंढळ ठरू, ही भीती. आपल्याला दोन-दोन, तीन-तीन भाषा येतात याची सीमेवरच्या पोरांना लाज वाटावी, ही केवढी मोठी चूक! आणि ती चूक पोरांची नाही. “तिथे गेल्यावर इंग्रजीच बोल हं,” असे बजावून पाठवणारे आपणच.

त्या रात्री दोघी मिळून जेवायला गेल्या. पुढे त्या टेबलावर वरंगलची एक तेलुगू मुलगी आली, मग ईशान्येकडची एक, जिला यांतली कोणतीच भाषा येत नव्हती. तिच्यासाठी सगळ्या इंग्रजी बोलू लागल्या, आणि आमच्या मुलीचे इंग्रजी सुधारले ते तिथे. कोणी म्हणेल, आपल्या भाषेचा कंपू केला तर विद्यापीठात जाऊन उपयोग काय? मलाही आधी तसेच वाटे. आता वाटते, पाय टेकायला आधी आपली जमीन लागते. पाय टेकले की मग पुढे चालता येते. फक्त टेबलाची एक खुर्ची रिकामी ठेवावी, एवढेच.

मुलगी परत आली नाही. शिकली, आज नोकरीत आहे. त्यात माझा वाटा काहीच नाही. मी पोहोचलो त्याआधी चार दिवस भालकीच्या पोरीने माझे काम केले होते.

एक पोर परत आले

सगळ्यांनाच भालकीची मैत्रीण भेटत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या गावातला एक मुलगा दुसऱ्या एका विद्यापीठात गेला आणि दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. फीचे पैसे बुडाले. गावात चार तोंडांनी चार गोष्टी. ‘झेपलं नाही’ म्हणाले, ‘व्यसन लागलं’ म्हणाले. तसले काही नव्हते. मी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “सर, तिथं तीन महिन्यांत मला कोणी नावानं हाक मारली नाही.”

त्याला पाठवतानाही सल्ला माझाच होता. मुलीच्या अनुभवावरून मी शहाणा व्हायला हवे होते. पण जूननंतर मी त्याला एक फोनही केला नाही. ओट्यावर बसून सल्ला देणे सोपे असते. त्याचा बाप आजही रस्त्यात भेटला की आधी तोच नमस्कार करतो, आणि मला तो नमस्कार घेववत नाही.

पैशाचे एक सांगून ठेवतो. प्रवेश रद्द केला तर फी परत देण्याचे आयोगाचे नियम आहेत. २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांत ऐंशी टक्के, तीस दिवसांत पन्नास टक्के, आणि त्यानंतर काही नाही. पुढच्या वर्षांत आयोगाने वेगवेगळ्या तारखाही जाहीर केल्या, म्हणून त्या-त्या वर्षीची तारीख नीट पाहावी. एकटेपणाला मात्र तारीख कळत नाही. पहिला महिना नव्याच्या नवलाईत जातो, तो जाणवतो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणून फोन त्या महिन्यांत जास्त करावा.

या वर्षी एवढे करा

विद्यापीठ पाहायला जाल तेव्हा इमारत दाखवणाऱ्याला बाजूला ठेवून जेवणाच्या वेळी मेसमध्ये जा. पैसे भरून एक ताट घ्या आणि पोरांमध्ये बसा. एकटी जेवणारी पोरे किती, ते आपल्या डोळ्यांनी दिसेल. वॉर्डनला विचारा, खोल्या देताना निरनिराळ्या गावांची मुले एकत्र ठेवता का? एखादे पोर दोन दिवस मेसमध्ये आले नाही तर तुम्हाला कळते का? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्या विद्यापीठाची पुस्तिका साध्या कागदावर असली तरी चालेल.

पोराला निघताना ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तुमच्याकडची शेंगा होळगी जे द्याल ते दोघांना पुरेल इतके द्या. एकट्यापुरते दिले तर ते कपाटात बंद राहते. जास्त दिले तर डबा उघडावा लागतो, आणि डबा उघडला की दारही उघडते. आणखी एक. पोराला सांगा की येतात तेवढ्या सगळ्या भाषा मोठ्याने बोल. पलीकडच्या खोलीत कोणीतरी ती ऐकायला कान लावून बसलेले असेल.

या जुलैत पोराला फोन कराल तेव्हा ‘ऊट आयता?’ जरूर विचारा, ‘जेवलीस का?’ही विचारा. पण ‘हो’ म्हणताच फोन ठेवू नका. दुसरा प्रश्न विचारा. “कुणाबरोबर?” पोर नाव सांगेल तर निश्चिंत झोपा. गप्प राहिले तर दुसऱ्या दिवशीची गाडी पकडा. कपाशीचे काम चार दिवस थांबते. आम्ही दोन आठवडे थांबलो होतो, ते अजून मनाला खाते.